बिनचहाचं घर

आमच्या घरात चहा होत नसे. ऐपत नव्हती म्हणून नाही, कुणाला पित्ताचा त्रास होता म्हणूनही नाही. बाबांनी बंद केला होता. बल्लारपूरला कागद कारखान्यात ते फिटर होते. लेबर क्वार्टरच्या आमच्या ओळीत सकाळचा भोंगा झाला की घराघरातून आल्याचा नि चहापत्तीचा वास सुटायचा, आमच्या दारातून मात्र फक्त फोडणीचा. पाहुणे आले की आई त्यांच्यापुढे पाणी ठेवायची, मग उन्हाळ्यात पन्हं आणि थंडीत गूळ घालून उकळलेलं दूध. पाहुणा ते पिऊन पुन्हा वाट बघत बसायचा. "चाय नाई का व?" असं एखादी म्हातारी विचारूनच टाकायची, आणि आई बाबांच्या दिशेनं नुसती भुवई उडवायची. आई स्वतः पक्की चहाबाज. ती रोज सकाळी शेजारच्या शेवंताबाईकडे विरजण आणायला म्हणून जायची आणि अर्ध्या तासानं पदरानं ओठ पुसत परत यायची. इतक्या विरजणात आख्ख्या क्वार्टरचं दही लागलं असतं. बाबांना सगळं ठाऊक होतं. पण त्यांचा नियम आमच्या उंबऱ्यापुरता होता, शेवंताबाईच्या नाही.

नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही पान्यानं नट सोडवता सोडवता, माझ्याकडे न बघता. त्यांचं गाव ब्रह्मपुरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. गावात वडाखाली एक हॉटेल होतं. आमच्या वस्तीतल्या माणसांसाठीचे कप बाहेर खांबाला ठोकलेल्या खिळ्यांना टांगलेले असत. आपला कप आपण काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झालं की बाजूच्या बादलीतलं पाणी घेऊन कप आपणच धुवायचा आणि उपडा करून परत खिळ्याला लावायचा. वस्ती बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, खिळे मात्र तिथंच होते. बाबा बारा वर्षांचे असताना धुताना त्यांच्या हातून कपाचा कान तुटला. हॉटेलवाल्यानं चार माणसांसमोर त्यांना सांगितलं, घरून नवा कप घेऊन ये, तोवर ओंजळ धर. बाबांनी ओंजळ धरली नाही. त्या दिवसापासून त्यांनी चहा प्यायला नाही, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकही कप धुतला नाही. कपच काय, ताट नाही, वाटी नाही, पाण्याचा पेलाही नाही. जेवून उठले की हात धुवायचे आणि बाहेर जायचे. आई म्हणायची, "कप फुटला हॉटेलात, अन् शिक्षा भेटली मले." तेव्हा आम्ही सगळेच हसायचो. मीही हसायचे.

मग आमच्याकडे कॉफी कशी आली? लग्नातून आली. त्या काळी आमच्या भागातल्या लग्नात एस्प्रेसोचं मशीन असणं म्हणजे मोठेपणा होता. मंडप, गाद्या नि भांडी भाड्यानं देणारे बिछायत केंद्रवाले ते मशीन पाठवायचे. पितळेचा उभा टाकीसारखा बॉयलर, खाली गॅसची शेगडी, एका बाजूला प्रेशरचा काटा आणि दुसऱ्या बाजूला वाफेची नळी. पोरगा स्टीलच्या जगमध्ये दूध, साखर नि पावडर घालून नळी आत खुपसायचा, सुर्रर्र करून सगळा मंडप दणाणायचा आणि फेसावर चिमूटभर चॉकलेट पावडर पडायची. बाबा जेवणाच्या पंगतीआधी त्या रांगेत जाऊन उभे राहायचे. रांग एकच, कप एकाच ट्रेमधले. साहेब पुढे, त्यांच्यामागे बाबा, बाबांच्या मागे कारखान्याच्या डॉक्टरीणबाई. ते कॉफी प्यायचे आणि कप तिथंच टेबलावर, कडेला फेस लागलेला, तसाच ठेवून यायचे. तो कप ठेवतानाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मला तेव्हा वाटायचं की त्यांना कॉफी आवडते.

एका बिछायतवाल्याचं मशीन बुडाला फाटलं आणि त्यानं ते भंगारात घातलं. बाबांनी ते सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधून घरी आणलं. आई दारातच आडवी आली. "हे काय बॉम्ब आणला का घरात?" म्हणाली. माझी बारावी नुकतीच झाली होती, निकाल यायचा होता, सुट्टी होती आणि घरकामाचा मला मनापासून कंटाळा होता. मी ते मशीन उचलायला हात लावला आणि त्या उन्हाळ्यात तो हात काही तिथून निघाला नाही. बाबांनी बूड पितळी झाळ देऊन बंद केलं. मग मला शिकवलं की बॉयलरवर कधीच विश्वास ठेवायचा नाही. आधी तो काठोकाठ थंड पाण्यानं भरायचा, हातपंपानं त्यावर दुप्पट दाब द्यायचा आणि अर्धा तास बघत बसायचं. कुठं पाझरला तर पाणीच पाझरेल, जीव जाणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून त्याची स्प्रिंग साफ कशी करायची, काटा खरा बोलतो की खोटा हे दुसरा काटा लावून कसं पाहायचं, हे मी व्हरांड्यात बसून शिकले. येणारे-जाणारे थांबून बघायचे. "काऊन व सुजाता, पोळ्या येतात का तुले?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "येतात. तुमाले बॉयलर येते का?"

काही दिवस आम्ही लग्नातल्यासारखी फेसाळ कॉफी प्यायलो. तेवढ्यावर भागलं असतं, पण कारखान्यात एक नवं यंत्र बसवायला परदेशी इंजिनियर आला आणि मदतीला बाबांना दिलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हती, दोघांना नट-बोल्ट येत होते. बाबांनी मोठ्या अभिमानानं त्याला खुणेनं सांगितलं की आमच्या घरी एस्प्रेसोचं मशीन आहे. तो रविवारी घरी आला, मशीन बघून खुश झाला, मी केलेली कॉफी प्यायला आणि पोट धरून हसला. मला त्याचा राग आला. मग त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीनं चित्र काढलं. एक नळकांडं, त्यात दट्ट्या, दट्ट्याला दांडा, तळाला बारीक भोकांची वाटी आणि वाटीत दाबून भरलेली कॉफी. दट्ट्यावर खाली जाणारा बाण आणि बाणाशेजारी आकडा: नऊ. म्हणजे नुसती वाफ दुधात सोडली की झालं असं नाही. उकळी फुटायच्या जरा आधीचं पाणी नऊ किलोच्या दाबानं कॉफीतून जबरदस्तीनं काढायचं, आणि ते काढायचं माणसाच्या हातानं. बाबांनी चित्र बघितलं, मी बघितलं. एकमेकांना काही सांगावं लागलं नाही.

आता माझी लेक पुण्याला असते. तिच्याकडे पडदा असलेलं मशीन आहे, बटण दाबलं की दाब, तापमान, सेकंद सगळं लिहून येतं. फोनवर ती मला तिच्या कॉफीचे फोटो पाठवते आणि म्हणते, आई, आज एक ग्रॅम कमी घेतली तर बघ कसा फरक पडला. मला गंमत वाटते. एक ग्रॅमचं दुःख मलाही होतं, पण माझ्याकडे ग्रॅम मोजायचा काटा नव्हता. माझ्याकडे आईचं जातं होतं.

कॉफीच्या बिया नागपूरला बर्डीच्या बाजारात मिळायच्या. कोणी जाणारं असलं की आम्ही आणवायचो. मिक्सरमध्ये दळलेली पूड वाटीत भरली की पाणी त्यातून ढळढळा पळायचं आणि कपात नुसतं तपकिरी पाणी पडायचं. खलबत्त्यात कुटली तर अर्धी पीठ नि अर्धी रेती. शेवटी मी जातं काढलं. आई त्यावर लाखोळीची डाळ भरडायची. भरडताना खालच्या तळीच्या खिळीवर चिंधी गुंडाळायची, म्हणजे वरची तळी जराशी उचलली जाते आणि डाळीचं पीठ होत नाही. मी उलटं केलं. चिंधी एकेक पदर सोडत गेले, तळी खाली बसत गेली, पूड बारीक होत गेली. एक पदर जास्त सोडला तर वाटीतून थेंब पडत नाही, एक कमी सोडला तर धार लागते. त्या चिंधीच्या पदरांवर माझा पूर्ण महिना गेला. घरातल्या वरणाला कॉफीचा वास यायला लागला. आई जेवताना ताट जरा लांब सरकवायची.

नळकांडं बाबांच्या एका टर्नर दोस्तानं पितळेचं करून दिलं, ते आम्ही बॉयलरला जोडलं. दांड्याला घरातली सब्बल, म्हणजे पहार, कापली. प्रश्न राहिला दट्ट्याचा, कारण त्याच्या कडेनं पाणी वर यायचं. बाबांनी फिटरनं करावं तेच केलं. कारखान्यात पंपाच्या दांड्याभोवती गुंडाळतात ती काळी, चिकट, ग्रॅफाइट लावलेली पॅकिंगची दोरी त्यांनी दट्ट्याला गुंडाळली. पाणी थांबलं. कॉफी आली आणि तिच्यावर सायीसारखा शिशाच्या पेन्सिलीचा रंग तरंगत होता. बाबांनी ती तरीही प्यायली. "पंपाले चालते तं माणसाले काऊन नाई चालत?" म्हणाले, आणि दोन दिवस त्यांचे दात राखाडी होते. मग मी आईच्या कुकरचं रबर कापलं. तिला न विचारता कापलं, हे मान्य. त्या संध्याकाळी भात पातेल्यात शिजला आणि मला लाटण्याचा प्रसाद मिळाला. पण रबर दट्ट्यात चपखल बसलं. दुसऱ्या दिवशी मी दांड्यावर अंगाचं सगळं वजन टाकलं, दांडा हळूहळू, अडत अडत खाली आला आणि वाटीच्या तळातून काकवीसारखी जाड, तांबूस धार कपात उतरली. चार घोट होतील एवढीच. आम्ही तिघं तो एक कप फिरवून प्यायलो. आईनं तोंड वाकडं केलं, "भिलाव्यासारखं लागते," म्हणाली आणि कप पुन्हा हातात घेतला.

ओळीतले लोक विचारायचे, याचा उपयोग काय? विकणार का? लग्नात लावणार का? बाबा म्हणायचे, नाही. मग कशाला? आजही कोणी मला हे विचारलं की माझं डोकं फिरतं. गडगंज माणसानं पतंग उडवले, कबुतरं पाळली, जुनी घड्याळं उघडून बसला तर त्याला शौकीन म्हणतात. फिटरच्या घरात एखादी गोष्ट नुसती आवड म्हणून होत असेल तर सगळ्या जगाला तिचा उपयोग विचारायचा असतो. आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर फक्त उपयोगाचंच केलं, तेही दुसऱ्याच्या उपयोगाचं. मला बिनउपयोगाचं करायचं होतं आणि ते नीट, नऊ किलोच्या दाबानं करायचं होतं.

निकाल लागला, मी पास झाले. चंद्रपूरच्या आयटीआयचा फॉर्म मी स्वतः जाऊन आणला आणि ट्रेडच्या रकान्यात फिटर लिहिलं. खाली पालकांची सही हवी होती. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस सोमवार. मी बाबांपुढे कागद ठेवला, तर त्यांनी तो वाचला, घडी केली आणि भिंतीवरच्या फोटोच्या मागे ठेवून दिला. कारण त्याच आठवड्यात देवानंदमामा, म्हणजे आईचा भाऊ, चंद्रपूरहून स्थळ घेऊन आला होता. मामा सरकारी कचेरीत क्लार्क, आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला माणूस, त्याचा शब्द मोठा. मुलगा ब्रह्मपुरीला शाळामास्तर, घरचे लोक चांगले, रविवारी बघायला येणार. "पोरगी फिटर होईन म्हनते," आईनं सांगितलं. मामानं डोक्याला हात लावला. "भाऊजी, असं स्थळ पुन्हा येत नाई. लग्न झाल्यावर डीएड करू दे, शाळेत बाई होऊ दे. पाना धरणाऱ्या पोरीले कोन करून घेते?" बाबा मला म्हणाले, "पाव्हणे येऊन जाऊ दे. मंग पाहू."

मला ते "मंग पाहू" कळत होतं. रविवारी होकार आला तर सोमवार माझा नव्हता.

रविवारी सकाळी मामा आला तो पिशवीत चहापत्तीचा पुडा, आलं आणि गाळणी घेऊन. गाळणीसुद्धा, कारण आमच्याकडे ती नव्हतीच. त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या मशीनवर फुलाफुलांची चादर टाकली आणि तिच्यासमोर खुर्ची ठेवली. "बाई, पोरीले साडी नेसव," आईला म्हणाला. मी नेसले. पाहुणे बसनं आले. मुलगा अशोक, त्याची आई आणि त्याचे वडील तुळशीरामजी, हातात काठी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. जय भीम झाला, पाणी झालं, आईनं आलूपोहे दिले, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. तुळशीरामजींचं गाव बाबांच्या गावापासून दोन कोसांवर निघालं, मग कोण कुठला, कोणाची शेती कुठं, अशा गोष्टी निघाल्या. पोह्यांच्या बशा रिकाम्या होत आल्या आणि मुलाची आई हळूच स्वयंपाकाच्या खोलीकडे बघायला लागली. मामानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली आणि आईला म्हणाले, "आजच्या दिवस कर चाय."

मी दाराशी उभी होते. मला वाटलं होतं की मला आनंद होईल किंवा काहीच वाटणार नाही. पण ज्या माणसानं ओंजळ धरली नाही, ज्यानं साहेबांनाही आपल्या घरी चहा दिला नाही, तो माझं लग्न जुळावं म्हणून खाली बघून चहा करायला सांगत होता. मला ते सहन झालं नाही. लग्नाचा राग, फॉर्मचा राग, सगळा त्या एका वाक्यावर येऊन थांबला. आईनं पातेलं उचललं होतं. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं, बाहेर आले, मामानं ठेवलेली खुर्ची सरकवली आणि चादर ओढली.

"आमच्या घरी चाय होत नाई," मी म्हणाले. "कॉफी होते. वीस मिनिटं लागतात."

मामाचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी वर पाहिलं, पण मला थांबवलं नाही. मी शेगडी पेटवली, पदर खोचला आणि जातं पुढे ओढलं. त्या वीस मिनिटांत मामा पावसावर बोलला, धानाच्या रोवणीवर बोलला, ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर बोलला. जात्याच्या घरघरीत त्याचं कोणी ऐकत नव्हतं. अशोक मात्र उठून मशीनजवळ आला. "हा काटा कशाचा?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "अन् दाब जास्त झाला तं?" मी सेफ्टी व्हॉल्व्ह दाखवला. तो नुसतं विचारायचं म्हणून विचारत नव्हता, हे मला आवडलं. मग काटा वर आला, मी वाटी भरली, दाबली, नळकांड्याला अडकवली आणि साडी सावरत दांड्यावर अंग टाकलं. दांडा अडत अडत खाली आला. एकेक कप करून मी तिघांना दिला. लहान कप आमच्याकडे नव्हते, चहाचेच मोठे होते, लग्नात आईला मिळालेले, चहाला कधीच न वापरलेले. मुलाच्या आईनं आत डोकावून पाहिलं. "बुडाले लागलं एवढंच?" म्हणाली.

तुळशीरामजींनी मात्र एकेक घोट घेत, मध्ये थांबत, कप संपवला. "कडू हाये," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पन चांगलं कडू हाये." आणि कप हातात घेऊन, काठी टेकत उठले. "मोरी कुठी हाये, बाई?" आईला कळेना. तिनं बोटानं मागचं दार दाखवलं. ते निघाले. दोन पावलं गेल्यावर बाबा ताडकन उठले. ते कशासाठी उठले हे खोलीत त्या क्षणी फक्त मला आणि त्यांना कळलं होतं.

"तुळशीरामजी, ठेवा तो कप. माया घरी पाव्हण्याले कप धुवा लागत नाई."

म्हातारा थांबला. हातातल्या कपाकडे त्यानं असं पाहिलं की जणू तो तिथं कसा आला हेच त्याला माहीत नव्हतं. मग ओशाळून हसला. "तुमच्या गावचं वडाखालचं हॉटेल, भाऊ," म्हणाला. "सवय गेली नाई. पोराच्या शाळेत गेलो तं तिथीबी धुतो. हे पोरगं चिडते मायावर." अशोक जमिनीकडे बघत होता. तुळशीरामजींनी सहज विचारलं, "मंग कोन धुते तुमच्या इथी?"

"सुजाता धुईन," बाबा म्हणाले.

"मी नाई धुवाची," मी म्हणाले.

आजही मला माझा तो आवाज ऐकू येतो. मोठा नव्हता. पण मागं घ्यायला जागा नसलेला होता. "मी कॉफी केली. आईनं पोहे केले. त्या हॉटेलातला कप तुमच्या हातून फुटला, बाबा. त्याची शिक्षा आमी दोघी काऊन भोगून राह्यलो?"

मागं बॉयलर बारीक सुसकारत होता. मामा उठला आणि पुन्हा बसला. मला वाटलं, आता बाबा माझ्यावर हात उगारतील. त्यांनी तो कधीच उगारला नव्हता, पण मीही कधी पाहुण्यांसमोर अशी बोलले नव्हते. मला भीती वाटत होती आणि तरीही मी शब्द परत घेणार नव्हते.

बाबांनी हात पुढे केला आणि तुळशीरामजींच्या हातून कप घेतला. मोरीत गेले. आम्ही सगळे तिथंच बसून पाण्याचा आवाज ऐकत होतो. मी दारातून पाहिलं. ते उकिडवे बसले होते, कपाच्या आत बोट घालून कडेनं तीनदा फिरवत होते, मग कान, मग बूड. वर्षानुवर्षं न केलेलं काम हात विसरले नव्हते. आई तोंडावर पदर धरून उभी होती. ते उठले, बाहेर आले, कप कुठं ठेवावा म्हणून क्षणभर थांबले आणि मग मशीनच्या डोक्यावर ठेवला. उपडा नाही, सुलटा. मग परत फिरून उरलेले दोन कप उचलले आणि तेही धुऊन आणले.

"तो कागद आन," मला म्हणाले.

"भाऊजी, पाव्हणे बसले हायेत," मामा कळवळून म्हणाला.

"पाव्हण्यायच्या समोरच करतो."

मी फोटोच्या मागचा फॉर्म काढला. बाबांनी हात पुसले नाहीत. मामाच्याच खिशातला पेन घेतला आणि माझ्या नावाखाली सही केली. तुळशीरामजींनी विचारलं, "कशाचा कागद हाये?" बाबा म्हणाले, "पोरगी फिटर होऊन राह्यली." म्हाताऱ्यानं मान हलवली आणि काठी हातात घेतली. जाताना दारात ते माझ्यापाशी थांबले, जय भीम केला आणि गेले.

निरोप मामाकडून आला. मुलाची आई म्हणाली होती, पोरगी तिखट आहे, झेपणार नाही. मला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू, कारण काट्याबद्दल इतकं नीट ऐकून घेणारा माणूस मला त्यानंतर बरीच वर्षं भेटला नाही. मामा वर्षभर आमच्याकडे आला नाही. चहापत्तीचा पुडा आईनं शेवंताबाईला देऊन टाकला.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी पहिल्या पॅसेंजरनं चंद्रपूरला गेले. आयटीआयच्या खिडकीसमोर मुलांची रांग होती, मुलगी मी एकटीच. क्लार्कनं माझा फॉर्म घेतला, ट्रेड वाचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कागद उजेडात धरला. सहीवर पाण्याचे थेंब पडून शाई पसरली होती, अर्धं नाव निळ्या डागात गेलं होतं.

"ही सही अशी काऊन फुटली?" त्यानं विचारलं.

"बाबाचे हात ओले होते," मी म्हणाले. "कप धुऊन आले होते."